पाहुण्याचं प्यादं

उमेळे
४ नोव्हेंबर २०२४

श्री. सॅन्टन फुर्ट्याडो यांस,

‘प्रिय’ लिहायला घेतलं होतं, पण पेन अडलं, तेव्हा तूर्तास ‘श्री.’वर भागव.

परवा मृतांच्या दिवशी मी सकाळी सातलाच बाबांच्या कबरीवर गेले. तिथे मेणबत्ती आधीच अर्धी जळलेली. शेजारी शेवंतीचा गुच्छ, दुकानातल्या प्लॅस्टिकच्या कागदासकट. कागद न काढता फुलं ठेवणारा माणूस आपल्या खानदानात एकच आहे. मी भेटू नये म्हणून तू बोळिंजहून साडेपाचलाच निघाला असशील. सत्तरीच्या माणसाने बहिणीला चुकवण्यासाठी एवढ्या पहाटे उठावं, हे मला बरं वाटलं नाही. मी कागद काढून फुलं नीट ठेवली.

म्हणून हे पत्र. भांडायला लिहीत नाही, आधीच सांगते. नऊ वर्षांपूर्वी बाबांच्या चर्चमधल्या महिन्याच्या मिस्सेनंतर, चाळीस माणसं ताटावर असताना, आपण दोघं एका अर्धवट डावावरून भांडलो. बाबांना हॉस्पिटलात नेलं तेव्हा तुमचा रविवारचा डाव टेबलावर तसाच मांडलेला होता. तू सगळ्यांना सांगत होतास की तू जिंकत होतास, जन्मात पहिल्यांदा. मी म्हटलं, तू हरत होतास. तू बुद्धिबळाचा पट काखेत मारून निघून गेलास, आणि सोंगट्यांची पेटी माझ्या मांडीवर राहिली. तेव्हापासून पट बोळिंजला, सोंगट्या उमेळ्यात. कोण खरं आणि कोण खोटं, यावर मी या पत्रात एक अक्षर लिहिणार नाही.

माझं म्हणणं एवढंच, की पोस्टाने एक डाव खेळू. मी माझ्या केनीकडून चर्चच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चौसष्ट घरं आखून घेतली आहेत. चाली शब्दांत लिहायच्या; मोबाईल, मुलांचे सल्ले, सगळं बंद. टपालपेटीत टाकलेली चाल परत घ्यायची नाही. फोन करू नकोस. मी उचलणार नाही, आणि चुकून उचलला तर आपण पुन्हा भांडू.

पांढऱ्या माझ्या, कारण सोंगट्या माझ्याकडे आहेत. राजापुढचं प्यादं दोन घरं.

इझाबेल

उमेळे
२ डिसेंबर २०२४

सॅन्टन यांस,

तुझं कार्ड मिळालं. बोळिंजहून उमेळ्याला माणूस तासाभरात येतो, कार्डाला सहा दिवस लागले. त्यावर एकच वाक्य होतं: ‘माझंही तेच.’ तब्येत विचारली नाहीस, खाली सहीसुद्धा नाही. पोस्टमन कार्ड देताना म्हणाला, “बाय, तिकडून पण राजापुढचंच प्यादं आलंय.” म्हणजे तो वाचतो. वाचू दे. बत्तीस वर्षं मी शाळेत शिकवलं, माझं लिहिलेलं लोकांनी वाचलेलं मला आवडतं.

आता माझी दुसरी चाल. राजाच्या बाजूच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं. हो, ते तुझ्या प्याद्याच्या तोंडात आहे आणि फुकट आहे. पुस्तकात याला राजाचा गॅम्बिट म्हणतात. बाबा त्याला पाहुण्याचं प्यादं म्हणायचे, आठवतं? प्रत्येक डावात पांढऱ्या घेऊन बसायचे आणि दुसऱ्याच चालीला हे प्यादं समोर सरकवायचे. आल्या आल्या पाहुण्याला काहीतरी खायला द्यावं, मग त्याची पळापळ करावी.

तर घे आणि खा.

इझाबेल

ता. क. रविवारी मिस्सेनंतर अजून मी दोन कप चहा टाकते. दुसरा मर्लिन पिते. तिला साखर चालत नाही, तरी सासूला वाईट वाटू नये म्हणून पिते. केनीने सून चांगली आणली आहे, तुला माहीत नसेल म्हणून लिहिलं.

उमेळे
९ जानेवारी २०२५

सॅन्टनला,

पाच आठवडे झाले. नाताळ गेला, नवं वर्ष आलं, आमच्या येशूजन्माच्या देखाव्यातला उंटसुद्धा आता माळ्यावर गेला, आणि तू एक प्यादं खाऊ की नको यावर बसला आहेस. पोस्टमन रोज फाटकापाशी मान हलवून जातो. त्याच्या मते तुला सापळ्याची भीती वाटते. माझ्या मते तुला माझ्या हातचं काही घ्यायचं नाही.

बाबांचा नियम विसरलास का? तू दहा वर्षांचा होतास आणि फुकटचं प्यादं दिसलं की संशयाने पटाखाली वाकून बघायचास. तेव्हा ते म्हणायचे, “सॅन्टन, दिलेलं घ्यावं. नाही घेतलं तर देणाऱ्याने हात कुठे ठेवायचा?” मी इथे पाच आठवडे हात पुढे करून उभी आहे, आणि मला खांद्याचं दुखणं आहे.

इझाबेल

उमेळे
२७ जानेवारी २०२५

सॅन्टन,

घेतलंस. ‘खाल्लं’ एवढंच लिहिलंस, पण अक्षर जरा खुशीतलं वाटलं. पोस्टमनने ते कार्ड देताना फाटकाबाहेरून ओरडून सांगितलं. शेजारच्या एका बाईंना वाटलं कोणाला विषबाधा झाली. त्या धावत आल्या.

माझी चाल: राजाच्या बाजूचा उंट तिरका तीन घरं पुढे. तू यावर वजीर बाहेर काढून शह देणार, हे मला पत्र न उघडता माहीत आहे. म्हणून बारा दिवस वाचवते आणि पुढची चालही आत्ताच लिहिते: तू शह दिलास, तर माझा राजा एक घर उजवीकडे. राजाने थोडं चालावं, बसून बसून पोट सुटतं, असं बाबा म्हणायचे, आणि तसंच चालवायचे.

आता दुसरी गोष्ट. गुरुवारी माणिकपूरला शिंप्याकडे प्रिस्का भेटली. ती अजून माझ्याशी बोलते, हे तुला माहीत असेलच, आणि नसेल तर तिला ओरडू नकोस. तुझ्या बायकोच्या तोंडून कळलं की तुझ्या घरी पटावर काय मांडलं आहे. माझी प्यादी म्हणजे शर्टाची बटणं. तुझी प्यादी चिंचोके. हत्ती म्हणजे बाटल्यांची झाकणं, माझे घोडे म्हणजे दोन अख्ख्या सुपाऱ्या, आणि उंट लसणाच्या पाकळ्या. तुझा वजीर डोळ्यांच्या थेंबांची बाटली आहे, म्हणून दिवसातून तीन वेळा तुला वजीर उचलून डोळ्यांत घालावा लागतो, आणि मग तो कुठल्या घरावर होता ते आठवत नाही. प्रिस्काने हे सांगितलं तेव्हा मी हसले नाही. म्हणजे तिच्यासमोर नाही. रिक्षात हसले, तर रिक्षावाल्याने आरशातून दोनदा पाहिलं.

एवढी खटपट करण्यापेक्षा प्लॅस्टिकचा संच कुठेही मिळतो. तू आणला नाहीस. मीही पट आणला नाही. का, ते दोघांनाही माहीत आहे.

इझाबेल

उमेळे
१० मार्च २०२५

सॅन्टन,

मागच्या कार्डात मी तुझ्यावर आरोप केला, की घोड्याने वजिरावर हल्ला केल्यावर तू तो बरोबर कडेला नेलास ती चाल तुझी नाही, कोणाच्या तरी मोबाईलची आहे. तू लहानपणी वजीर नेहमी फुकट घालवायचास, म्हणून मला संशय आला. तुझं उत्तर आलं: ‘बाय, मी आता सत्तर वर्षांचा आहे. थोडं शिकलो.’ नऊ वर्षांत तू मला पहिल्यांदा, लहानपणासारखं, ‘बाय’ म्हटलंस. ते कार्ड मी प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलं आहे.

आता ऐक. हा ईस्टरआधीचा उपवासकाळ आहे, आणि राखेच्या बुधवारनंतर खोटं अंगाला टोचतं. मोबाईल मी वापरला. ती घोड्याची चाल मला आधीच सुचली होती, देवाशपथ. पण खात्री करावी म्हणून मर्लिनला डाव दाखवला, तिने तिच्या फोनमध्ये घातला, आणि फोन म्हणाला घोडाच. म्हणजे चाल माझी, पण धीर फोनचा. मर्लिन म्हणाली, “मम्मी, आपल्याला आधीच माहीत होतं तर ही चीटिंग नाही.” ती बँकेत काम करते, तिला असं बोलता येतं.

शनिवारी पापनिवेदनाला गेले. फादर तरुण आहेत, बुद्धिबळ येत नाही, त्यांना आधी गॅम्बिट समजावून सांगावा लागला. बाहेर रांग लांबली. शेवटी त्यांनी मला तीन वेळा ‘आमच्या स्वर्गातील बापा’ म्हणायला सांगितलं आणि भावाला पत्राने कळवायला सांगितलं. ते हे कळवते आहे. मग त्यांनी विचारलं, आणखी काही आहे का? मी म्हटलं, नाही फादर.

हे मी का लिहिलं कोण जाणे. चाल: वजिरापुढचं प्यादं दोन घरं.

तुझी बहीण
इझाबेल

उमेळे
२९ मार्च २०२५

सॅनू,

लाल शाईतलं तुझं कार्ड आलं. ‘वजिराने वजीर मारला. शह. तुझा वजीर फुकट.’ खाली तीन रेघा. प्रिस्काने सांगितलं की त्या दिवशी तू केक आणून पूर्ण मजल्यावर वाटलास, आणि विचारणाऱ्याला सांगितलंस की बहिणीला हरवलं. पोस्टमनही गंभीर चेहऱ्याने आला. म्हणाला, “बाय, आता खेळण्यात अर्थ नाही.”

मी कॅलेंडरसमोर तासभर बसले. चष्मा पुसला. तुझ्या वजिराच्या आणि माझ्या वजिराच्या मधोमध माझा घोडा उभा आहे, सॅनू. पाचव्या चालीपासून उभा आहे. त्याच्यावरून उडी मारून तुझी डोळ्यांच्या थेंबांची बाटली येणार कशी?

मग काल प्रिस्काला गाठलं. तिने आधी आठवत नाही म्हटलं, आणि मग कपाळाला हात लावला. तिचा भाऊ एरॉल मागच्या आठवड्यात तुमच्याकडे आला होता. जेवल्यावर त्याला पान लागतं. पटावर सुपारी दिसली, त्याने ती कातरली आणि खाल्ली. त्याला वाटलं तुम्ही पाहुण्यांसाठीच मांडून ठेवली आहे. माझा घोडा तुझ्या मेव्हण्याच्या पोटात गेला, आणि तुला तो पटावर होता हेच आठवलं नाही.

नियमाने मी चाल रद्द करते. डाव मागू शकते, पण मागत नाही. बरोबर काडेपेटी आहे, त्यात कापूस आहे आणि कापसात आपल्या पेटीतला खरा पांढरा घोडा आहे. तुटक्या कानाचा. बाबांनी दोनदा डिंकाने तो कान चिकटवला आणि तू दोनदा पाडलास. सुपारीच्या जागी हा ठेव आणि पुन्हा चाल कर. हा कोणी खाणार नाही.

पेटी आता पूर्ण बंद होत नाही असं वाटतं, खरं तर एक सोंगटी कमी झाल्यावर जास्त नीट बंद व्हायला हवी. असो.

बाय

उमेळे
१४ एप्रिल २०२५, पवित्र आठवडा

माझ्या सॅनू,

तुझी चाल यायची आहे. तरी मी लिहिते, कारण ही माझी खरी चाल आहे. बाकी सगळा डाव मी हिच्यासाठी मांडला होता.

तू सुपारी विसरलास म्हणून सारी मंडळी हसली. मी हसले नाही. ऑक्टोबरात मी चष्मा फ्रिजमध्ये ठेवला होता. त्याआधी शाळेतल्या एका मैत्रिणीला तिच्या बहिणीच्या नावाने हाक मारली. आणि एका दुपारी बाबांचं एक वाक्य आठवायला गेले, तर अर्धच आठवलं. उरलेलं संध्याकाळी आठवलं, पण मधले चार तास मी फार घाबरले. ते वाक्य जगात फक्त माझ्याकडे आहे. मी विसरले तर ते गेलं. ते माझं नाही, तुझं आहे.

ज्या सकाळी बाबांना नेलं, त्या सकाळी मी त्यांना सदरा घालत होते. टेबलावर तुमचा डाव होता, बाबांची चाल होती. बाबांनी पटाकडे बघितलं आणि म्हणाले, “इझाबेल, सॅन्टनने या वेळी मला धरलं. मी हरलो. तू बोलू नकोस, त्याला मी सांगीन.” मग अकरा दिवस ते बोलू शकले नाहीत, आणि बाराव्या दिवशी आपण त्यांना घरी आणलं ते पेटीत घालूनच.

मी पुढचं लपवणार नाही. टेबल हवं होतं म्हणून सोंगट्या मी उचलल्या, पण आधी सगळा डाव कागदावर लिहून घेतला होता. मला ठाऊक होतं तू जिंकला होतास. तरी चाळीस माणसांसमोर म्हटलं, तू हरत होतास. का? कारण बाबांनी बुद्धिबळ आधी मला शिकवलं, सॅनू. आठ वर्षांची असताना शिकवलं. मी शाळेच्या, तालुक्याच्या स्पर्धा जिंकल्या. पण रविवारी तू यायचास आणि मी आत चहा टाकायला जायचे. बाबा माझ्याशी शेवटचा डाव कधी खेळले ते मला आठवत नाही, आणि ते विसरल्यामुळे नाही. तुझ्याबरोबर प्रत्येक रविवारी खेळायचे. मग जाताना निरोपसुद्धा तुझ्यासाठी, आणि पोचवायचा मी? मला राग आला. बाबांनीच ‘तू बोलू नकोस’ म्हटलं होतं, तेव्हा मी आज्ञाधारक मुलगी झाले. नऊ वर्षं आज्ञाधारक राहिले.

पापनिवेदनात ‘आणखी काही नाही’ म्हटलं, ते हेच होतं.

तो कागद सोबत ठेवला आहे. मर्लिनच्या फोनला मी तो कधी दाखवला नाही. तू जिंकलास, बाबांनी मान्य केलं, आणि मी तुझ्याकडून ते चोरलं. मला माफ कर. नाही केलंस तरी कागद तुझाच.

आता मी स्वतः चालत जाऊन हे टपालपेटीत टाकणार आहे. मर्लिनच्या हाती दिलं तर वाटेत परत मागेन.

बाय

बोळिंज
१९ एप्रिल २०२५

बाय,

हे कार्ड प्रिस्काच्या हाती पाठवतो. तुझं पत्र या वेळी तीनच दिवसांत आलं, पण हे पोस्टाने टाकलं तर माझ्यानंतर पोचेल. मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही. मुद्द्याचं लिहितो.

तो कागद मला लागणार नव्हता. पट घरी आणला त्याच आठवड्यात मी तो डाव बटणांनी मांडला. आठव्या दिवशी मला दिसलं. बाबांनी घोडा मागे घेतला असता तर मात टळत होती, वर माझा हत्ती जात होता. मी हरतच होतो. तू चाळीस माणसांत खोटं बोललीस असं तू लिहितेस. मला नऊ वर्षं वाटत होतं की तू खरं बोललीस. म्हणून मी येत नव्हतो. कोणत्या तोंडाने येणार, एवढी बढाई मारली होती.

आता तू लिहितेस की बाबा म्हणाले, मी हरलो. मी काल दिवसभर त्यावर बसलो. प्रिस्का जेवायला बोलवून थकली. ज्या माणसाने तुला आणि मला घोडा कसा चालतो ते शिकवलं, त्याला स्वतःचा घोडा दिसला नाही, असं होईल का? त्याला दिसला होता, बाय. हॉस्पिटलात जाताना त्याने मला पाहुण्याचं प्यादं दिलं. आणि मी नऊ वर्षं भरल्या ताटावरून उठून बसलो.

दिलेलं घ्यावं. मी घेतो. मी जिंकलो. पण घोड्याची गोष्ट केनीला आणि मर्लिनला सांगायची नाही.

उद्या ईस्टरच्या मिस्सेनंतर पट घेऊन येतो. मर्लिनला सांग, तिचा साखरेचा चहा उद्यापासून बंद. काळ्या मी घेतो, पांढऱ्या तू. आपला डाव नंतर. आधी बाबांचा मांडू, त्यांच्या जागी तू बस, त्यांनी तुला आधी शिकवलं होतं.

तो डाव वाचवणारा घोडा तुटक्या कानाचाच होता. खिशात आहे, घेऊन येतो.

सॅनू